हिवाळा ज्यांना मानवतो

मागच्या अंकात आम्ही साधाच प्रश्न टाकला होता: तुमचा लाडका ऋतू कोणता? पत्रं आली ती बहुतेक हिवाळ्याच्या बाजूची. आपल्या खानदेशासारख्या ज्या मुलखात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळतो तिथं याचं नवल नाही. मात्र पत्रांत कौतुकापेक्षा प्रश्नच जास्त होते. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : एप्रिल लागला की माझी भूक जाते, झोप उडते, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. दिवाळी उलटली की मी पुन्हा माणसात येते. घरचे याला मनाचे खेळ म्हणतात. सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूनं, ‘माले बी हिवायाच आवडस’ म्हणतात. ऋतूचा आणि शरीराचा खरंच एवढा संबंध असतो का?
— गृहिणी, अमळनेर

उत्तर : सासूबाईंचं पारडं जड आहे. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान साधारण एक अंशानं उतरावं लागतं. हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते साधतं. खोली गार असली की काम पटकन होतं. मेमध्ये आपल्याकडे रात्रीचं किमान तापमानच 27-28 अंश असतं, त्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. ती टाकायला शरीराला जागाच मिळत नाही. मग झोप तुटक लागते आणि चिडचिड तिच्या मागून येते. भुकेचंही तसंच. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते, म्हणून उकाड्यात शरीर खाणं आपणहून कमी करतं. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत हेमंतात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, जठराग्नी प्रबळ असतो असं सांगितलंय ते याच अनुभवावरून.

उलट बाजूही असते. थंडीत उदास होणाऱ्यांचा आजार अमेरिकेतल्या नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडला. पण तो मुख्यतः उत्तरेकडच्या देशांचा, जिथं डिसेंबरात दिवस सात-आठ तासांवर येतो. जळगावला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा 10 तास 50 मिनिटांचा असतो आणि आभाळ निरभ्र. काहींना अशी उदासी उन्हाळ्यात येते, तेही नोंदलेलं आहे. सलग दोन आठवडे कशातच रस नाही, कामाला हात लागत नाही, असं होत असेल तर ऋतूवर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा.

आपल्याला ऋतू मानवतो की नुसता गारवा, हे घरी तपासता येतं. जानेवारीतला एक आठवडा आणि एप्रिलातला एक आठवडा घ्या. रोज सकाळी उठल्याउठल्या तीनच गोष्टी वहीत लिहा: झोपायला गेल्यावर डोळा लागायला किती वेळ गेला, रात्री किती वेळा जाग आली, न्याहारीला भूक होती का. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद फुकट, कारण तोवर दिवसाचा मूड तिच्यात मिसळलेला असतो. मग एप्रिलात दोन-तीन रात्री कूलर लावून झोपून पाहा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून कूलर उत्तम चालतो. फक्त समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर ओल खोलीतच साठते आणि घुसमट वाढते. कूलरनं झोप सुधारली तर तुमची मैत्री गारव्याशी आहे. नाही सुधारली तर हिवाळ्यात आणखी काहीतरी आहे: तिरपं ऊन, भाजीबाजार, लग्नसराई, काय ते तुम्हीच शोधा.

प्रश्न : धुळं समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. तरी कित्येकदा धुळ्याचा आकडा महाबळेश्वरच्या खाली असतो. आणि मोबाईल 12 अंश दाखवतो तेव्हा आमच्या मळ्यात दात वाजत असतात. खरं काय मानायचं?
— शिक्षक, धुळे तालुका

उत्तर : दोन्ही खरं. उंचीवरची हवा गार असते हा नियम दिवसाचा. निरभ्र रात्री तो उलटतो. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडू लागते. ढग किंवा दमट हवा असेल तर ती उष्णता अडते. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत दोन्ही नसतं. समुद्र लांब, मध्ये सह्याद्री आडवा. जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवा थंड होते, जड होते आणि उतारानं खाली वाहते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी: म्हणजे अख्खा प्रदेश एक लांबट परात. थंड हवा त्या परातीच्या बुडाशी जमते. महाबळेश्वराच्या माथ्यावरून मात्र ती घरंगळून जाते. हिमालयाकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगापावसाची हवा, सरकून गेला की मागून उत्तरेचे वारे येतात, आणि मग पारा एक आकडी होतो. रात्री ढग आले की थंडी मोडते तीही याच कारणानं, कारण पांघरूण पडतं.

मोबाईलवरचा आकडा अनेकदा गणितानं काढलेला असतो आणि तो तुमच्या मळ्याचा नसतो. खोलगट, ओढ्याकाठच्या शेतात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. स्वतः मोजायचं असेल तर तापमापक जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत, भिंतीपासून दूर टांगा. भिंत रात्रभर ऊब सोडते, म्हणून ओसरीतल्या खिळ्यावर टांगलेला तापमापक नेहमी थापा मारतो. आकडा वाचायचा तो सूर्य उगवताना. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आगेमागे असतं.

प्रश्न : हिवाळा म्हणजे भरीत, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. आता पुण्यात राहतो. गॅसवर करून पाहिलं तर पाणचट होतं, कधी कडवट. दहा माणसांचं माप आणि चुका दोन्ही सांगा.
— मूळ भुसावळचे वाचक

उत्तर : आधी वांगं. भरताचं वांगं म्हणजे बामणोद, भालोद, आसोदा या पट्ट्यातलं फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा असलेलं, मोठं आणि बिया कमी असलेलं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पुण्यात हिवाळ्यात ते मिळतं, पण जांभळं गोल वांगं ‘भरताचं’ म्हणून गळ्यात मारणारेही भेटतात. वांगं हातात घेऊन पाहा. आकाराच्या मानानं हलकं लागलं तर बिया कमी. देठ हिरवा आणि टोपी सालीला घट्ट हवी. जड, पिवळट झाक असलेलं वांगं जून असतं, आणि कडवटपणा बहुतेक त्या जून बियांचाच असतो.

दहा माणसांना तीन किलो वांगी, दीडशे ग्रॅम हिरव्या मिरच्या (तिखटाची सवय नसेल तर शंभर), शंभर ग्रॅम लसूण, अर्धा किलो कांद्याची पात, शंभर ग्रॅम शेंगदाणे, पन्नास ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, एक जुडी कोथिंबीर, पाव किलो तेल. तेलाला कचरू नका. टोमॅटो, हळद, गरम मसाला यांचं इथे काम नाही.

गावाकडे वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या नाहीतर तुरीच्या तुराट्यांच्या जाळावर भाजतात. काड्यांचा जाळ मोठा आणि थोडा वेळ टिकणारा असतो. वांगं सगळीकडून एकदम वेढलं जातं, साल जळते आणि आतला गर आपल्याच वाफेत शिजतो. गॅसची ज्योत एका जागी लागते, तिथं गर करपतो आणि पलीकडे कच्चा राहतो. म्हणून जाळी ठेवा, आच मध्यम ठेवा, आणि वांग्याला सुरीच्या टोकानं चार-पाच ठिकाणी टोचा. न टोचलेलं वांगं वाफेनं फुटून ओट्यावर उडतं. दर दोन मिनिटांनी थोडं थोडं फिरवत एका वांग्याला वीसेक मिनिटं द्या. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो. तिथं सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे.

आता पाणचटपणाचं मूळ. भाजलेलं वांगं लगेच झाकून ठेवलं की वाफेचं पाणी होऊन गरात मुरतं. नळाखाली धरून साल काढली की धुराचा वास वाहून जातो आणि पाणी वर राहतं. त्यापेक्षा वांगी देठ वर करून चाळणीत पंधरा मिनिटं तिरकी उभी करा. खाली वाटीभर तपकिरी पाणी जमेल, ते टाका. साल हातानं काढा, बोटं वाडग्यातल्या पाण्यात बुडवत. सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या.

मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर परतून मिठासोबत जाडसर ठेचा. गर लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचा, मिक्सरमध्ये नाही. मिक्सरमध्ये त्याची चिकट पेस्ट होते आणि वांग्याचे धागे मरतात. कढईत तेल तापवून आधी शेंगदाणे, ते तडतडल्यावर खोबरं, मग ठेचा, मग चिरलेली पात. पात मिनिटभरच परता, हिरवी दिसली पाहिजे. गर घालून पाच-सात मिनिटं मोठ्या आचेवर हलवा. कडेनं तेल सुटलं की उतरवा. कोथिंबीर नंतर.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारीला एक भाग सालीसकट अख्खे उडीद आणि थोडं मीठ, असं एकत्र दळून आणा. उडीद वाढवले तर पीठ चिकट होतं आणि थापताना हाताला ओढतं. भाकरी जमत नसेल तर त्याच पिठाच्या पुऱ्या करा, कोणी नावं ठेवणार नाही. कच्ची पात आणि मुळा ताटात हवाच.

प्रश्न : आजीच्या हातची गोधडी विरली. कपाटात तिच्या आणि आईच्या जुन्या साड्या आहेत. त्यांची गोधडी शिवायची तर किती साड्या लागतील? विकतच्या ब्लँकेटसारखी ऊब येईल का?
— विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : येईल, पण साड्या सुती हव्यात. नायलॉन, जॉर्जेट आत घातलं तर थर एकमेकांवर सरकतात आणि वर्षभरात गोधडीला पोट सुटतं.

पाचवारी साडी साधारण 18 फूट लांब असते, पन्हा पावणेचार फूट. तिचे तीन थर केले की सहा फुटांची एकेरी गोधडी. नऊवारी 27 फूट, तिचे चार थर पावणेसात फुटांचे. घरात कोणी उंच असेल तर नऊवारीच घ्या, नाहीतर पाय रात्रभर बाहेर. सहा ते आठ थर पुरतात, म्हणजे दोन साड्या. त्याहून जाड केली तर सुई जात नाही आणि धुतल्यावर दोन दिवस वाळत नाही. साड्या आधी कोमट पाण्यात धुवून, खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवून घ्या. जी आटायची ती आताच आटू दे. विरलेला भाग आत, धड काठ बाहेर.

गोधडी ऊब ‘देत’ नाही, थरांमध्ये अडकलेली हवा तुमचीच ऊब धरून ठेवते. म्हणून टाके फार दाट घालू नका. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. मशीनवर बारीक टाक्यांनी शिवलेली गोधडी दिसते नेटकी, पण चपटी होते आणि गारठते. शिवण कडेपासून सुरू करून मध्याकडे न्या. मधून सुरुवात केली तर कडा लाटांसारख्या होतात.

वापरताना एकच पथ्य. रात्रभर घामाची ओल तिच्यात मुरते आणि ओलसर सूत ऊब धरत नाही. आठवड्यातून एकदा सकाळी अकरा ते दुपारी दोन उन्हात टाका, मधे उलटवा, आणि सूर्य कलायच्या आत घरात आणा. संध्याकाळपर्यंत गच्चीवर राहिलेली गोधडी दव पिऊन येते.

प्रश्न : शेकोटीशिवाय थंडीची मजा नाही. अंगणात धूर होतो म्हणून शेजारी कुरकुरतात. कोळशाची शेगडी खोलीत घेतली तर?
— वाचक, चाळीसगाव

उत्तर : नका घेऊ. कोळशाला धूर दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि माणसाला ती झोपच वाटते. खिडकी किलकिली ठेवली की भागतं, हा समजही खोटा. शेगडीजवळ बसलेल्या कोणाला असं काही वाटलं तर त्याला आधी उघड्यावर न्या, मग 108 ला फोन करा.

अंगणात धूर होतो तो ओल्या लाकडामुळे. मनगटाएवढी, वाळून तडा गेलेली बाभळीची लाकडं घ्या, खाली काड्या, आणि रचताना मध्ये हवेला वाट ठेवा. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, टायर काहीही झालं तरी नाही. उठताना पाणी ओतून, राख काडीनं उकरून पुन्हा पाणी ओता. वरून विझलेली राख आत कित्येक तास लाल असते, आणि पहाटे तिच्याशेजारी कुत्री झोपतात.

प्रश्न : मला थंडी जीव की प्राण. वडिलांची केळीबाग आहे, पारा उतरला की त्यांचं तोंड उतरतं. ‘तुझ्या लाडक्या थंडीनं चरका बसवला’ असं मलाच ऐकवतात. केळीला थंडी एवढी का झोंबते? मला काही करता येईल का?
— महाविद्यालयीन युवक, रावेर

उत्तर : वडिलांचं चुकत नाही. केळ मुळात उष्ण, दमट मुलखातलं झाड. तापमान 16 अंशांच्या खाली गेलं की नवं पान यायचा वेग मंदावतो, घड उशिरा निसवतो, म्हणजे बाहेर पडतो. 10-12 अंशांच्या खाली सालीतला चीक बिघडतो आणि सालीवर तपकिरी रेघा उमटतात. असं केळं पिकल्यावर लखलखीत पिवळं होत नाही, राखट दिसतं. गर खायला चांगला असतो, पण व्यापारी साल बघून भाव पाडतो. (घरी फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं तोही हाच प्रकार.)

करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं रात्री जागण्याचं काम आहे, म्हणजे थंडीप्रेमी माणसाच्या वाट्याचं. विहिरीचं पाणी जानेवारीच्या पहाटे हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून पाणी रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत द्यावं. ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त धरते आणि सावकाश सोडते. संध्याकाळी सहाला पाणी देऊन झोपी गेलं तर ऐन गारठ्याच्या वेळी त्याचा उपयोग उरत नाही. घड 2 ते 6 टक्के छिद्रं असलेल्या पॉलिथिन पिशवीनं झाका. छिद्रं नसलेली पिशवी वापरली तर दुपारी आत पाणी सुटतं आणि घड सडतो. झाडामागे पाव किलो निंबोळी पेंड द्या. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ हवी, पण ती जूनमध्ये लावायची गोष्ट. डिसेंबरात आठवली तर यंदापुरतं हिरव्या शेडनेटवर भागवावं. बांधावर काडीकचरा जाळून धूर करतात त्याचा फायदा वारा पडलेला असेल तेवढाच. वारा असला की धूर शेजाऱ्याच्या बागेत.

आणि घरात गहू-हरभरा असेल तर वडिलांना तेही दाखवा. गव्हाला फुटवे फुटायच्या वेळी जितकी थंडी तितके फुटवे जास्त, आणि फेब्रुवारीत ऊन लवकर तापलं तर दाणा चिमतो. एकाच पहाटे केळीला चरका बसतो आणि शेजारचा गहू खुशीत असतो.

प्रश्न : कोवळं ऊन खात बसणं हाच माझा हिवाळा. घर दक्षिणमुखी आहे. कुठे बसू, किती वाजता? आणि संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो म्हणतात, मग सकाळी अंधार जास्तच का?
— सेवानिवृत्त वाचक, नंदुरबार

उत्तर : घर नशिबानं मिळालंय. 22 डिसेंबरला आपल्याकडे भर दुपारी सूर्य जेमतेम 45 अंशांवर असतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभे राहा, सावली तुमच्या उंचीएवढी पडेल. मेच्या अखेरीस तीच सावली पायाखाली जाते. याचा अर्थ दक्षिणेच्या सात फुटी दारातून दुपारचं ऊन सात फूट आत येतं. दारावर लगतच दोन फुटांचा छज्जा असेल तर पाच फूट. आरामखुर्ची तेवढ्यात ठेवा, पाठ उन्हाकडे, डोकं सावलीत. मे महिन्यात त्याच दारातून दुपारचं ऊन आत येत नाही, म्हणून खुर्ची हलवायची गरज नाही.

अंधाराचं निरीक्षण बरोबर आहे. दिवस 22 डिसेंबरनंतरच वाढू लागतो, पण सुरुवातीला ती वाढ सगळी संध्याकाळकडे जाते. जळगाव परिसरात सूर्योदय डिसेंबरच्या 22 ला सातच्या सुमारास होतो आणि जानेवारीच्या मध्याला त्याहून सात-आठ मिनिटं उशिरा. त्यानंतर तो मागे सरकू लागतो. तेव्हा संक्रांतीच्या आठवड्यात सकाळी फिरायला साडेसातनंतर निघा. तोवर गवतावरचं दवही सुकायला लागलेलं असतं आणि कानटोपी लवकर काढता येते.